पुंगीची निजलेली जीभ उठवल्याबद्दल

बाबाजींना सप्रेम नमस्कार,

पोळ्याआधी तुमच्या ओसरीवर ठेवलेली मुकी पुंगी बोलायला लागली. मजुरी तुम्ही घेतली नाहीच, निदान हे पत्र तरी ठेवून घ्या. चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही दाखवलं ते गावोगावी खुंटीला टांगलेल्या पुंग्यांना लागू पडतं.

दोष आम्ही तुमडीत, म्हणजे फुंकायच्या भोपळ्यात, शोधत होतो. तिला चीर नव्हती, मेणाचा जोडही घट्ट. तुम्ही दोन्ही नळ्या उपसल्या, जिभांवर नख फिरवलं नि म्हणालात, "जीभ निजली हो. थे कापाची नसते, उचलाची असते."

नळीचं तुमडीतलं टोक गाठीनं बंद. गाठीखाली तिरपी खाच, तिथून बोरूच्या रेषेरेषेनं सोललेली पेरभर पत्ती, तीच जीभ. पावसाळ्यात बोरू ओल धरतो, पत्ती फुगून आपल्याच चौकटीत अडकते. जोरानं फुंकलं की आणखीच चिकटते. उपाय केवढा, तर मुळाशी लांब केसाचा तुकडा आडवा सरकवायचा. केसाएवढीच फट हवी. जाड दोरा घातला की नुसता वारा जातो, पत्ती हालत नाही.

जिभेच्या टोकाला मोहरीएवढं मेण लावलं की ती जड होते, सूर उतरतो. मुळावरचा दोऱ्याचा वेढा टोकाकडे सरकवला की जीभ आखूड, सूर चढतो. दोन नळ्यांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक राहिला तर तीन हेलकावे ऐकू येतात. एखादा हेलकावा राहू द्यावा, हे तुमचं म्हणणं पटलं. अगदी जुळवलेली पुंगी पेटीसारखी सपाट वाजते.

तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा हिचा सूर जवळपास सप्तकभर खाली असतो, कारण बासरी दोन्हीकडून उघडी आणि ही नळी जिभेकडून बंद. पालघरकडचा तारपा हिचाच भाऊबंद, फक्त खाली ताडपानांचा भोंगा.

मेणाचं तुम्ही सांगितलं नसतं तर उन्हाळ्यात पुन्हा फजिती होती. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं खरं, पण आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांतच ते मऊ पडतं, नळ्या कलतात आणि जोडातून वारा निसटतो. म्हणून चार भाग मेणाला एक भाग राळ. जास्त नको, थंडीत जोड तडकतो.

बोरूच्या कांड्या सावलीत टांगल्या आहेत, दिवाळीनंतर आणून देतो. केस तेवढे आजीकडून मागून ठेवा. तुमच्या डोक्यावरचे पुरायचे नाहीत.

तुमचे,
पुंगीवाले