लिनो कोरण्याविषयी

चि. मृण्मयीस,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या वर्षी मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून चित्र छापण्याची कला, हा विषय घ्यावा का, आणि सगळी कथाचित्रे पडद्यावर होत असताना हाताने ठसे कोरण्यात काय अर्थ आहे, असे तू विचारले आहेस. मी या कामाकडे कशी वळले ते सांगते, मग तुझे तू ठरव.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी माझा हात घडवला. तांब्या, वांगी आणि घडीची चादर मांडून पेन्सिलीने छाया गडद करत नेणे, याचेच नाव चित्रकला अशी माझी समजूत होती. पुढे दिवाळी अंकांसाठी कथाचित्रे काढू लागले, तेव्हा त्या नाजूक करड्या छटा स्वस्त कागदावर मळकट होऊन उतरत. संपादकांची तक्रार नसे, मला मात्र ते सहन होईना.

त्याच सुमारास चित्तप्रसाद यांचे लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून काढलेले छाप, पाहण्यात आले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारा हा माणूस पुढे मुंबईत अंधेरीला स्थायिक झाला आणि कष्टकरी मुलांची चित्रे लिनोवर कोरत राहिला. त्यांत करडा रंग कुठेच नाही, तरीही मुलाच्या खांद्यावरचे ओझे जाणवते, कारण प्रत्येक पांढरी रेघ नेमकी जिथे उजेड पडतो तिथेच आहे. पेन्सिलीने आपण अंधार वाढवत जातो; लिनोत सगळे काळेच धरून त्यातून उजेड कोरून काढावा लागतो, आणि एकदा कोरलेले परत भरता येत नाही. माझी रेषा बदलली ती या सक्तीमुळे. आता टॅबलेटवर काढतानासुद्धा काय वगळायचे ते मी आधी ठरवते.

छपाईसाठी यंत्र लागतेच असे नाही. काचेवर शाई लाटताना रोलरचा बारीक चरचर आवाज येऊ लागला की ती ठशावर द्यावी, वर हातकागद ठेवावा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटावे. अक्षरे असतील तर ती उलटी कोरायची हे लक्षात ठेव. देवनागरीत शिरोरेखा असल्यामुळे ओळ तरी सरळ राहते, पण ‘र’ आणि ‘स’ फार छळतात.

तुझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मीही छापलेलीच आहे. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथे रंगागणिक छपाईचा निराळा दगड वापरत. मात्र त्या ओलिओग्राफमागे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापामागे, बहुधा एखादे तैलचित्र असे आणि छापलेली ती त्याची नक्कल ठरे. लिनोकटामागे असे दुसरे चित्रच नसते, त्यामुळे पेन्सिलीने 1/20, म्हणजे विसांतली पहिली, असे लिहिलेली प्रत जितकी अस्सल, तितकीच 20/20 सुद्धा. विकत घेणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते आणि पैसा बेताचाच मिळतो; माझे घर पाठ्यपुस्तकांच्या चित्रांवर चालले, हे तुला ठाऊक आहेच.

तेव्हा विषय घ्यावास असे मला वाटते. एचिंगच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेषा खोदण्याच्या, वर्गात नायट्रिक अ‍ॅसिडची वाफ बाहेर जाण्याची सोय आहे की नाही ते आधी पाहा. नसेल तर लिनो आणि लाकूडठसा यांवरच भर दे. माझी हत्यारे परजून पाठवते आहे. थंडीत लिनो कडक होतो, म्हणून कोरण्यापूर्वी तो उन्हात ठेव, आणि धरणारा हात कायम पात्याच्या मागेच असू दे.

तुझी,
आई