सिस्टर, तुम्ही आधी कुशन तपासलंत

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हाती देता आलं असतं. पण तुमचे आभार मानताना जे सांगावंसं वाटतं, ते व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्या इतरांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून उघडच लिहितोय.

बसून बसून दाबानं झालेल्या माझ्या जखमेच्या (बेडसोरच्या) ड्रेसिंगला येणारी माणसं मी बरीच पाहिली होती. पट्टी काढायची, पुसायचं, नवी पट्टी लावायची, निघायचं. तुम्ही पट्टीला हातच लावला नाहीत. मला खुर्चीतच बसू दिलंत, एक पाय जरासा उचलायला सांगितलात आणि माझ्या नि हवेच्या कुशनच्या मध्ये हात सरकवून सगळ्यात खाली टेकलेलं हाड चाचपलंत. त्या हाडाखाली अर्धा ते एक इंच हवा हवी. माझं हाड थेट सीटच्या फळीला लागलं होतं. हवा हळूहळू गळत गेलेली, वरून कुशन छान फुगलेलं. "जखम इथं होतेय, मी पट्ट्या बदलून काय करू?" असं म्हणालात.

बसल्यावर अंगाचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. हाड आणि सीट यांच्यामध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही. चालत्या-फिरत्या माणसाला कळ लागते आणि तो नकळत कूस बदलतो. आम्हाला कमरेखाली कळच नाही. बरेचदा नुकसान आत, हाडाजवळ सुरू होतं आणि कातडीवर दिसतं ते शेवटी. हे सगळं तुम्ही मला एका वाक्यात समजावलंत: "वरची जखम बघून आतली मापू नका."

भार हटवायला हातांवर जोर देऊन क्षणभर स्वतःला उचलून घेण्याचा मला भारी अभिमान. तुम्ही घड्याळ लावलंत. चेपलेल्या जागी रक्त नीट खेळायला दोनेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हातांवर तरंगणं पैलवानालाही जमायचं नाही. वर खांदे झिजतात ते वेगळंच. त्याऐवजी छाती मांड्यांवर टेकवून पुढे वाकायचं, नाहीतर एकेका कुशीला कलायचं, दर पंधरा ते तीस मिनिटांनी. आता मीटिंगमध्ये मी वाकलो की नवीन माणसाला वाटतं, काहीतरी पडलंय. शोधायलाही लागतात बिचारे.

मधे भोक असलेली रबरी रिंग तुम्ही घरातून काढूनच टाकलीत. आणणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण भोकाच्या कडेनं दाब वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. लाल झालेली जागा चोळायचं बंद केलंत. जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं बंद केलंत, कारण त्यानं भरून येणारं नवं मांसही जळतं, सलाइननं धुतलंत. मागच्या खिशातलं पाकीट आणि जीन्सची जाड शिवण यांवरही तुमची नजर गेली, हे मला अजून नवल वाटतं.

आरशाचं सांगायलाच हवं. लांब दांड्याचा आरसा घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं. लाली बोटानं दाबून सोडली की पांढरी पडून परत लाल होते का? होत नसेल तर त्या जागेवर बसायचं नाही, बस्स. आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली धड दिसतही नाही; तिथे पालथ्या हातानं गरम लागतंय का, टणक झालंय का, ते बघायला शिकवलंत. पुस्तकातली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात, त्यामुळे हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जड गेलं ते खुर्चीतून उठवून पालथं झोपवणं. भार हटल्याशिवाय जखम भरत नाही, यावर तुमचा कायदा एकच. मी चिडलो, अबोला धरला. तुम्ही उशा कुठे लावल्या तर पालथं पडून लॅपटॉप चालवता येईल ते बघत बसलात.

१९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याच्या दुखापतीचा विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं दगावत. त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली. १९४८ मध्ये तिथे झालेल्या तिरंदाजीच्या सामन्यांची आठवण पॅरालिम्पिकच्या निमित्तानं सगळे काढतात. रात्री उठून कूस बदलणाऱ्या नर्स आणि वॉर्डबॉय यांची कुणी काढत नाही. तुम्ही त्याच जातकुळीतल्या.

जखम भरली. परत बसायची सुरुवात पंधरा मिनिटांपासून, मग आरसा, मग थोडं जास्त, असंच तुम्ही वाढवत नेलंत. भरलेल्या जागेला मूळच्या कातडीची ताकद पुन्हा पूर्ण येत नाही, म्हणून तिथली तपासणी आजही चुकत नाही.

तुमच्याकडे नवीन पेशंट आला आणि पालथं झोपायला तयार नसेल, तर त्याला माझा नंबर द्या. उशांची मांडणी मी शिकवीन, आणि चिडायचं असेल तर माझ्यावर चिडू दे.

तुमचा,
एक जुना पेशंट