आधी मुळं बघ, मग युरियाचं ठरव

कोल्हापूर

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

पूर ओसरल्यावर नदीकाठचा ऊस पिवळा पडलाय आणि घरचे युरियाची पोती फोडायच्या घाईत आहेत, असं तू लिहिलंस. त्यांना थांबव. हा पिवळेपणा नत्र कमी पडल्यासारखाच दिसतो, पण दुखणं जमिनीखाली आहे. पाणी तुंबलं की एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. अन्न उचलायची ताकद मुळाला श्वसनातून मिळते, तेच कोंडलं की शेजारी नत्र असूनही घेता येत नाही. वर अशा मातीतले जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे मातीतल्या नत्राच्या एका रूपाचा, वायू करून उडवून लावतात. आत्ता टाकलेलं खत बरंचसं वायाच जाणार.

आधी पाण्याला वाट काढून दे आणि वाफसा येऊ दे, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होऊ दे. मग मुळं बघायला चर खणायचा. तुमचं रान काळं. ओल जास्त असताना खणलंस तर चराची भिंत लिंपली जाते आणि मुळं चिखलात दडतात. फार वाळू दिलंस तर भेगा पडून ती तुटतात. उसाच्या बेटापासून (एका जागी फुटलेल्या झुबक्यापासून) वीतभर अंतरावर सरीला आडवा, मीटरभर रुंद आणि तीन फूट खोल चर घे. पाऊस सुरू असताना आत उतरू नकोस. भिंत खुरप्यानं सपाट कर, फवारणीच्या पंपानं हलकं पाणी मारून अर्धा सेंमी माती काढ. मग ५ सेंमी चौकोनांची सुतळीची जाळी लावून प्रत्येक चौकोनात किती मुळं दिसतात ते खोलीप्रमाणे लिही. एका बेटावर निकाल देऊ नकोस. पिवळी तीन-चार बेटं बघ आणि तितकीच वरच्या, पाणी न शिरलेल्या रानातली. जात आणि लागणीची तारीख मात्र एकच हवी, नाहीतर तुलना फुकट.

रंगावर भिस्त ठेवू नकोस, उसाची जुनी मुळं एरवीही तपकिरी असतात. चिमटीत धरून ओढ. जिवंत मूळ लवचिक असतं. मेलेल्याची साल सरकून आतला दोराच हातात येतो. मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर तिथं हवा बराच काळ पोचलेली नाही. हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीचं दुखणं निराळं: मुळं कुरतडलेली असतात, बेट हलकं ओढलं तरी उपटतं, आणि आसपासच्या मातीत अळी सापडते.

उसाच्या बुडालेल्या पेऱ्यांवर (कांड्यांच्या सांध्यांवर) नव्या मुळ्या फुटल्या असतील तर त्या सोलू नका. एखादी ब्लेडनं आडवी कापून भिंगाखाली धर, आत पोकळ्या दिसतील. तुंबलेल्या मुळात इथिलीन साठतं, त्यानं काही पेशी मरून या पोकळ्या होतात आणि वरची हवा खाली उतरते. पीक स्वतःच मार्ग काढतंय, हे बघून मला फार बरं वाटतं.

मुळं किती आहेत याचा नेमका आकडा हवा असेल तर ५ सेंमी आतल्या व्यासाचा पाइप ठोकून १५-१५ सेंमीचे थर काढ. काळी माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या ५ टक्के द्रावणात रात्रभर भिजव, म्हणजे ढेकळं सुटतील. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर सावकाश धू. मोठ्या भोकांतून बारीक मुळं वाहून जातात, आणि पाणी शोषण्याचं काम मुख्यतः तीच करतात. म्हणून नुसतं वजन फसवतं, लांबी मोज. १ सेंमी चौकटीच्या कागदावर काचेचा ट्रे ठेव, थोड्या पाण्यात मुळं एकमेकांवर न चढवता पसर, ती रेघांना किती ठिकाणी छेदतात ते मोज आणि ०.७८६ नं गुण. ४०० छेद म्हणजे ३१४ सेंमी. एका थराची माती २९५ घनसेंमी, म्हणजे दर घनसेंमीला एक सेंमीहून जरासं जास्त मूळ.

पाणी हटूनही मुळांची टोकं आखूड, बोथट राहिली तर क्षार तपास. शिरोळकडच्या क्षारपड रानांत हे नेहमीचं. संपृक्त अर्काची (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, पण उसाला त्याआधीच झळ बसते. तिथं युरिया नाही, निचरा लागतो.

वरच्या १५ सेंमीत पांढरी टोकं दिसायला लागली की युरिया दे, एकदम नाही, हप्त्यांनी, आणि मातीआड करून. दोन्ही रानांचे आकडे थरवार लिहून पाठव, मी बघतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता