तुळजापूरचा भाविक आणखी एक रात्र थांबावा यासाठी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील पर्यटनाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी मजकूर प्रसिद्ध होतो आणि त्यातील बहुतेक मजकूर वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद यांच्याभोवतीच फिरतो. त्या स्थळांची थोरवी नाकारण्याचे कारणच नाही. १९८३ साली वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो काही उगाच नव्हे. परंतु लातूर, धाराशिव, नांदेड, बीड, परभणी, हिंगोली आणि जालना हे जिल्हेही मराठवाड्यातच मोडतात आणि बाहेरच्या माणसाला ते बहुधा दुष्काळाच्या बातमीतूनच ठाऊक असतात. या भागात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मला पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात तेव्हा फारसा राग येत नाही; आमच्याच लातुरातील सुशिक्षित माणसे तो विचारतात तेव्हा मात्र येतो.

गेल्या भाद्रपदात लातूरच्या आम्ही काही मित्रमैत्रिणींनी औसा, खरोसा, किल्लारी, उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव आणि तेर असा फेरा सायकलवरून केला. त्या अनुभवाच्या आधारे एक मुद्दा मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या भागात स्थळांची वाण नाही आणि प्रवाशांचीही नाही. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, माहूर आणि नांदेडचे सचखंड गुरुद्वारा येथे दरवर्षी लाखो माणसे आपणहून येतात, दर्शन घेतात आणि त्याच दिवशी परततात. त्यांनी आणखी एक रात्र येथे काढावी अशी सोय आपण केलेली नाही आणि पर्यटन विकासाचा पैसा खर्च व्हायला हवा तो यासाठी. तो कारंजी, रंगीत दिवे आणि हिरवळीवर गेला तर वाया गेला असे मी समजतो.

नळदुर्गचेच पाहा. तुळजाभवानीच्या मंदिरापासून मोटारीने तासाभरात पोहोचता येईल असा हा किल्ला बोरी नदीच्या वळणात उभा आहे. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर धरणाची भिंत घातलेली असून त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, हे काम झाले. पावसाळ्यात तलाव भरला की नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागते. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही सांडवे वाहत होते. अरुंद पायऱ्या उतरून महालाच्या खिडकीशी उभे राहिले की पाण्याचा लोट डोळ्यांसमोरून खाली जातो, शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, चष्म्यावर तुषार जमतात आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी असते. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यविशारदांनी वाहत्या नदीच्या भिंतीत बसण्याची खोली काढावी, हे धाडस आजच्या अभियंत्यांनीही थांबून पाहावे असे आहे.

त्या खिडकीशी आमच्यासोबत तुळजापूरहून आलेले एक कुटुंब उभे होते. ही खोली कोणी बांधली, केव्हा बांधली, पाणी आत का येत नाही, असे प्रश्न त्यांचा शाळकरी मुलगा वडिलांना विचारत होता आणि वडील बिचारे धबधबा नैसर्गिक असल्याचे सांगत होते. त्यात त्यांचा दोष काय? सांगणारे कोणी जवळ नव्हते. उपळी बुरुजावरील लांबलचक तोफांपर्यंत तर त्या गर्दीतले फारच थोडे लोक चढले. निजामाने १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी याच किल्ल्यात राहून जिल्ह्याचा कारभार पाहत असे, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. सांडवे वाहू लागल्याचे समजले की सुट्टीच्या दिवशी तरुणांची झुंबड उडते, भिंतीच्या कडेवर उभे राहून छायाचित्रे काढली जातात आणि जिवावरचे प्रसंग ओढवतात. शिट्टी फुंकणारा रखवालदार आवश्यकच आहे, पण माहिती सांगणारा वाटाड्या सोबत असेल तर त्या शिट्टीचे काम निम्म्याने कमी होईल, असे मला वाटते.

खरोशाची लेणी औसा तालुक्यात आहेत. वेरूळचा खडक काळा आणि कठीण, तर खरोशाचा जांभा मऊ आणि सच्छिद्र. त्यामुळे येथील शिल्पे उन्हापावसाने इतकी झिजली आहेत की काही ठिकाणी देवतेची केवळ बाह्याकृती उरली आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यांत शैव आणि वैष्णव शिल्पांबरोबर एक जैन लेणेही आहे. जाणकाराने बोट ठेवून दाखवल्याशिवाय येथे काहीच दिसत नाही आणि दाखवल्यावर तासभर पाय निघत नाही. पुढे किल्लारीला आम्ही थोडाच वेळ थांबलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जे घडले ते पाहण्याची वस्तू नव्हे. तेथे जाणाऱ्याने नमस्कार करून पुढे जावे आणि लोक आपणहून बोलले तरच बोलावे.

तेरविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण धाराशिव जिल्ह्याचे हे गाव कोणत्याही देशाने अभिमानाने मिरवले असते. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून तगर याचा उल्लेख आहे आणि तेथून सुती कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, असेही त्यात म्हटले आहे. ते तगर म्हणजे आजचे तेर. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी विलक्षण साम्य दाखवते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून आणि शिवारातून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावातच आहे. विटांनी बांधलेले, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले त्रिविक्रम मंदिर तेरणेच्या काठच्या या गावात आजही उभे आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आणि याच गावात गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे, घर व समाधी आहे. समाधीच्या दर्शनाला वारकरी येतात, संग्रहालय पाहायला इतिहासाचे विद्यार्थी येतात आणि दोघांचीही एकमेकांच्या ठिकाणाशी ओळख होत नाही. एवढ्याशा अंतरात इतके वैभव असलेल्या या गावात बाहेरगावच्या कुटुंबाने रात्री उतरायचे कुठे, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला मिळाले नाही.

साहस म्हणजे दोर लावून कडे चढणे, अशी समजूत अलीकडे रूढ झाली आहे. ज्यांना तसे साहस हवे त्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेतील अंतूर, सुतोंडा आणि वेताळवाडी हे किल्ले जरूर चढावेत. खडक फोडून काढलेली सुतोंड्याची खिंड पाहताना सह्याद्रीतील अनुभवी गिर्यारोहकही थबकेल. परंतु आडवाटेच्या प्रवासातले साहस वेगळ्या प्रकारचे असते. धाराशिवच्या लेण्यांनंतर आम्ही जवळची म्हणून एक शेतातली वाट धरली आणि रात्री पडलेल्या पावसाने काळी माती अशी चिकटली की मडगार्डमध्ये घट्ट बसून चाकच फिरेना. बांधावर बसलेल्या एका आजोबांनी गंमत पाहून घेतली आणि मग म्हणाले, "पाव्हणं, वाळू द्या की जरा. वली असताना वढाताण करताल तर साखळीच तुटंल." त्यांनीच तुराटीचा तुकडा मोडून मातीचे लगदे कसे कोरून काढायचे ते दाखवले आणि चाके मोकळी होईपर्यंत गावातल्या जुन्या बारवेची हकीकत सांगितली. हा माणूस उत्तम वाटाड्या आहे, फक्त त्याला तसे कोणी विचारलेले नाही आणि त्या कामाचे पैसे मिळू शकतात हेही त्याला ठाऊक नाही.

आता अडचणींविषयी. एका स्मारकाच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो इसम शेतावर गेला होता. दुसऱ्या ठिकाणी संरक्षित स्मारकाची हानी केल्यास होणाऱ्या शिक्षेचा फलक ठळक होता, स्मारकाची माहिती देणारा फलक उन्हाने पुसट झाला होता. सोबतच्या भगिनींना स्वच्छतागृहासाठी अनेक ठिकाणी ओळख ना पाळख अशा घरांची दारे वाजवावी लागली. घरातील बायांनी आनंदाने आत घेतले, चहाही दिला, पण प्रत्येक प्रवाशाची सोय अशा भलेपणावर सोडून देणे योग्य नव्हे. या गोष्टींसाठी कोटींची योजना लागत नाही. वाचता येईल असा फलक, बंद नसलेले स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि किल्ली असलेला हजर माणूस, इतके झाले तरी पुष्कळ आहे.

मोठ्या योजनांना माझा विरोध आहे तो पाण्यापायी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपण विसरू शकत नाही. अशा भागात पोहण्याचे तलाव आणि हिरवळी असलेली विश्रामस्थळे उभारणे म्हणजे गावाच्या घशातले पाणी काढून पाहुण्याच्या पायावर ओतणे होय. त्यापेक्षा गावातील ज्या कुटुंबांकडे जागा आहे त्यांना दोन खोल्या नीट करण्यासाठी कर्ज आणि प्रशिक्षण द्यावे. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांचा गारवा शहरी पाहुण्यांना भुरळ घालील यात शंका नाही. मात्र १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदेच लोकांच्या अंगावर कोसळली होती, म्हणून अशा घरात पाहुणा ठेवण्यापूर्वी त्याची बळकटी तपासणे सक्तीचे असावे. जेवणाची चिंता कोणी करू नये. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि बोरसुरीच्या तुरीचे वरण ज्याला गोड लागत नाही, त्याला आम्ही कशानेच खूश करू शकणार नाही.

येथील संस्कृती दाखवायची तर तिचा महोत्सव करण्याचा मोहही टाळावा. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवे की, मार्गशीर्षातील त्या दिवशी आमची शहरे ओस पडतात आणि सारे लोक शेतात असतात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पाच पांडव म्हणून दगड मांडून पूजा करतात, "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत शिवारात आंबील शिंपडतात आणि मग भज्जी, उंडे, खीर आणि आंबील यांच्या पंगती उठतात. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला आग्रहाने बोलावतो. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवले जाते. याचे तिकीट लावून मंडप घातला तर त्यात काय उरेल? तयार असलेल्या शेतकरी कुटुंबांची नावे ग्रामपंचायतीने नोंदवावीत आणि पाहुण्यांनी घरच्या माणसासारखे जावे, इतकेच पुरे. तुळजापूरच्या आराधी मंडळींची गाणी किंवा किनवट-माहूरकडची दंडार ही लोककला याबाबतही माझे हेच म्हणणे आहे.

जागेअभावी अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत, हत्तीखान्याची लेणी, १७६० च्या लढाईने गाजलेले उदगीर, कंधारच्या राष्ट्रकूटकालीन अवाढव्य मूर्तीचे अवशेष आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे यांचा नुसता नामोल्लेख करून थांबतो. नांदेड ते माहूर या वाटेवरच्या भाविकांसाठी त्यातून दुसरा एक फेरा सहज आखता येईल.

सुरुवात लहान असावी. घटस्थापनेपासून वेळ अमावस्येपर्यंतच्या दिवसांत तुळजापूर बसस्थानकावरून सकाळी नळदुर्गला आणि दुपारी तेरला जाणारी एसटीची एक फेरी प्रायोगिक तत्त्वावर सोडावी, प्रत्येक ठिकाणी स्थानिक तरुण-तरुणींपैकी प्रशिक्षित वाटाडे नेमावेत आणि तेर येथे मुक्कामाची सोय असलेल्या घरांची यादी भक्तनिवासांत लावावी. हिवाळा सरला की येथील ऊन पाहुण्यांना सोसणारे नसते, त्यामुळे जे करायचे ते नवरात्रापूर्वी ठरायला हवे. आपण हे पत्र छापावे आणि संबंधित लोकप्रतिनिधी व अधिकारी यांची या सूचनेवरील मते मागवून तीही प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर