तीन आकड्याला बदनाम करणं आता थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात जागावाटपाच्या बातमीवर परत एकदा 'तीन तिघाडा, काम बिघाडा' हे हेडिंग वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मला राजकारणावर काही बोलायचं नाहीये, कुठल्या पक्षाची बाजू पण घ्यायची नाहीये. पण 2019 ला तीन पक्षांचं सरकार आलं आणि 2023 ला दुसऱ्या बाजूलाही तीन पक्ष झाले, तेव्हापासून ही म्हण पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॅपवर इतक्यांदा येतेय की आता शाळेतली पोरं सुद्धा प्रोजेक्टसाठी तिघांचा ग्रुप पाडला की बाईंना म्हणतात, बाई तिघं नको, काम बिघडतं. भांडण कशावरून झालं ते लिहा ना, जागा कुठली, कोण अडून बसलंय ते लिहा. आकड्यानं काय वाकडं केलंय?

तुम्ही म्हणाल एवढ्याशा म्हणीचं काय घेऊन बसलात. पण मी कराडच्या बाजूच्या खेड्यात वाढलेय, आमच्या घरी तीनचा धाक भलता होता. आम्ही तिघी बहिणी कुठं एकत्र निघालो, अगदी वाण्याकडं मीठ आणायला जरी निघालो तरी आजी उंबऱ्यातून हाक मारून थांबवायची, अंगणातला एक खडा उचलून धाकटीच्या म्हणजे माझ्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, हां, आता चौघी झालात, जावा. तो खडा परत येईपर्यंत टाकायचा नाही. ताटात तीन पोळ्या एकदम वाढायच्या नाहीत, दोन वाढायच्या आणि तिसरी मोडून अर्धी. तिघांनी फोटो काढायचा नाही, मधल्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. ज्यांच्या घरात हे नव्हतं त्यांना हे वाचून हसू येईल, पण बऱ्याच वाचकांच्या घरात हे होतं आणि अजूनही आहे, आता नुसता खड्याच्या जागी कुणी सुपारी घेतं आणि कुणी गाडीत गणपतीची मूर्ती आहेच म्हणून समाधान मानतं.

हे आलं कुठून असं मी आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली तीन म्हणजे तिसरा. आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडतात त्याला नुसतं 'तिसरा' म्हणतात, त्याच्या आठवणीनं तीन नको वाटतं. ज्या बाईनं चार लेकरांचा तिसरा बघितला तिला तीन नको वाटला तर मी तिला दोष देणार नाही. पण दुःखातून आलेली ही भीती पुढच्या पिढीनं शास्त्र म्हणून धरून ठेवली हे मला पटत नाही.

कारण त्याच आजीच्या देवघरात तीनशिवाय पान हलत नव्हतं. केशव, नारायण, माधव म्हणत पाण्याचं आचमन तीनदा. महादेवाला बेल वाहायचा तर तीन पानांचाच, एखादं दल फाटलेलं निघालं तर बाजूला टाकायचं. दूर्वा खुडताना पण तीन पात्यांचीच काडी बघून घ्यायची, आम्ही पोरी गणपतीच्या सकाळी दवानं भिजलेल्या बांधावर बसून हेच करायचो आणि 21 ची जुडी बांधायचो. गुरुवारी दत्ताची आरती, त्यात पहिल्याच ओळीत त्रिगुणात्मक त्रैमूर्ती. आणि तिथीचं म्हणाल तर चैत्रगौर बसते चैत्र शुद्ध तृतीयेला आणि उठते अक्षय तृतीयेला, म्हणजे महिनाभर जे हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं चालतं त्याचं एक टोक तृतीया आणि दुसरं टोकही तृतीयाच. हरतालिका भाद्रपद शुद्ध तृतीयेला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीयेचा, शके 1551. ज्या महाराष्ट्रात महाराज तृतीयेला जन्मले तिथं तीन अशुभ कसा असेल मला कुणी सांगेल का!

आपल्याच पेपरात पाडव्याला आणि दसऱ्याला सोन्याच्या पानपानभर जाहिराती असतात, प्रत्येकीत 'साडेतीन मुहूर्तांपैकी एक'. देवीची पीठं साडेतीन, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणी. पेशवाईतले शहाणे साडेतीन. माझ्या वडिलांना औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा तोंडपाठ होता, त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, दिडकी सगळं घोकून घ्यायचे. आपण 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ते सुद्धा साडेतीन घटकांचं, घटका 24 मिनिटांची म्हणजे सगळं मिळून 84 मिनिटं, नाटकाच्या मध्यंतराच्या जवळपासच संपलं. तर अर्धा लागला की तीन पवित्र आणि नुसता असला की बिघाडा, ह्याला काही अर्थ आहे का?

आणि हे नुसतं देवाधर्माचंच नाही. शेतात भात शिजवायचा असेल तर आम्ही तीन दगडांची चूल मांडतो. दगड कसेही असूदेत, लहान मोठे, जमीन खाचखळग्याची असूदे, तीन दगडांवर पातेलं ठेवलं की ते हलत नाही, फार तर थोडं कलतं. चौथा दगड लावून बघा, एक कुठला तरी खाली राहतो आणि पातेलं डगडग करायला लागतं. तीन टेकू कायम एका पातळीत बसतात, चौथा बसवायला माप घ्यावं लागतं. म्हणून तिवई डुगडुगत नाही आणि फोटोवाल्याचा स्टँड तीन पायांचा असतो. शाळेत मी खो-खो खेळायचे, त्यात पळायला तिघींचीच तुकडी आत जाते, तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी, आणि ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना विचारा तिघींचा मेळ काय असतो ते, एक खांबाजवळ पाठलाग अंगावर घेते तेव्हा दुसऱ्या दोघी श्वास घेतात, हे डोळ्यांच्या खुणेवर चालतं. नाटकाला तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा उघडत नाही. पळसाला पानं तीनच असं आपण कुठं गेलं तरी सारखंच हे सांगायला म्हणतो, पण त्याच तीन पानांच्या पत्रावळ्यांवर किती गावजेवणं उठली.

आता मला जे खरं लिहायचंय ते लिहिते.

ही भीती खडा आणि पोळीपर्यंत राहिली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. ती पाळण्यापर्यंत जाते. मी घरातली तिसरी मुलगी. माझ्या जन्मानंतर बघायला आलेल्या बायका आईला काय म्हणाल्या ते आई आयुष्यभर विसरली नाही, 'तिसरी पण मुलगीच का गं'. ह्या वाक्यात दोनच शब्द वाईट धरले जातात, मुलगी आणि तिसरी, आणि ते एकमेकांना चिकटून येतात. माझं नाव तरी नीट ठेवलं गेलं, आमच्या वर्गात नकुशा होती. शिक्षक हजेरी घेताना रोज सगळ्या वर्गासमोर ते नाव घ्यायचे आणि ती हजर म्हणायची, आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही इतकं ते नाव आमच्याकडं रुळलेलं होतं. दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की नकुशा, नकोशी असं नाव ठेवायचं म्हणजे देव ऐकेल आणि पुढचा मुलगा देईल. सातारा जिल्ह्यानं ऑक्टोबर 2011 मध्ये शोधून शोधून अशा 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्याच्या बातम्या देशभर आणि परदेशातही आल्या, कुणी देवीचं नाव घेतलं कुणी नटीचं, आणि नव्या नावाचं सर्टिफिकेट हातात मिळालं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली होत्या 894, दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. म्हणजे कितीतरी जणींच्या वाट्याला नकोशी हे नावसुद्धा आलं नाही.

ह्यात अजून एक गोष्ट आहे जी शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला किंवा तीन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली की त्या लेकराला 'तिखळ' म्हणतात आणि ते घराला वाईट धरतात. माझ्या पाठीवर भाऊ झाला. ज्या मुलासाठी एवढे नवस झाले, ज्याच्यासाठी आईनं चार बाळंतपणं काढली, तो आल्यावर पण घरात आनंद मोकळेपणानं झाला नाही कारण तो तिखळ. मग त्रिकप्रसव शांती करायची ठरली, भटजी आले, होम झाला, घरभर धूर, आणि आम्ही तिघी ओळीनं भिंतीला टेकून बसलेलो, भाऊ आईच्या मांडीवर ठसकतोय. मला तेव्हा एवढंच कळलं की आमच्या तिघींमुळं ह्या बाळावर काहीतरी आलंय आणि ते काढायला हे चाललंय. असं लहान मुलांच्या मनावर किती वर्षं बसून राहतं ते मी सांगू शकते. भाऊ मोठा झाला, शेती करतो, आई-वडिलांचं म्हातारपण त्यानंच काढलं, तिखळ घराचं वाटोळं करतो म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

काही जण म्हणतील की सरकार पण तिसऱ्याच्या विरोधात आहे. तर ती वेगळी गोष्ट आहे. साठच्या दशकात सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण असायचा आणि 'दोन किंवा तीन बस' हा प्रचार असायचा, नंतर ते दोनवर आलं. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं चालत नाही. तो कायदा बरोबर का चूक ह्यावर वाद घाला, पण तो मोजणीचा आहे, शकुनाचा नाही. तसंच ट्रिपल सीटचं. दोनचाकीवर तिघं बसणं धोक्याचं आहे म्हणून कायद्यानं बंदी आहे, 1000 रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन जाऊ शकतं, ते योग्यच आहे. गंमत नाही, मला ह्याचा राग येतो की तिघं प्रवासाला निघाले तर चौथी सुपारी खिशात घालणारी माणसं सकाळी पोराला शाळेत सोडताना एका गाडीवर तिघं चौघं बसतात आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नसतं. जिथं तीन खरोखर घातक आहे तिथं भीती नाही आणि जिथं काहीच नाही तिथं शांती करतात.

म्हणून संपादक साहेब माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली साधी आहे, आपल्या पेपरानं हे 'तीन तिघाडा'चं हेडिंग वापरणं बंद करावं, उपसंपादकांना तसं सांगून ठेवावं. म्हण जुनी आहे, लोक बोलताना वापरतील, त्याला कोण थांबवणार, पण पेपरात ठळक अक्षरात छापलं की त्याला वजन येतं, आणि ते ज्या घरात वाचलं जातं त्या घरात कुठं ना कुठं एक तिसरी मुलगी असते.

दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. 2011 ला ज्या मुलींची नावं बदलली त्यातल्या बऱ्याच जणी आता नोकरीला किंवा लग्नाला आलेल्या किंवा आई झालेल्या असतील. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर, आधारवर नवं नाव लागलं का, घरात आणि गावात त्यांना नव्या नावानं हाक मारतात का, आणि कार्यक्रमानंतरच्या वर्षांत परत असं नाव कुणाचं ठेवलं गेलं का, हे आपल्या वार्ताहरानं जाऊन बघावं आणि सविस्तर छापावं. कार्यक्रमाच्या दिवशी फोटो सगळ्यांनी छापले होते, पुढं काय झालं ते वाचायला मिळत नाही. गावोगावच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका ह्यात नक्की मदत करतील, त्यांना घर न् घर माहीत असतं, आणि कराड पाटणच्या बाजूला फिरायचं असेल तर मी स्वतः आपल्या वार्ताहराबरोबर यायला तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक
ता. कराड, जि. सातारा