हलक्या आरशाबद्दल

अंबड, नाशिक

प्रिय मिल्या,

'आरसा हलका कशाला हवा, डोक्यावर घेऊन नाचायचाय का?' हा तुझा प्रश्न जाम आवडला. अरे, तो कणांच्या वाटेतच उभा असतो!

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एलएचसीबी नावाचा प्रयोग आहे. त्यात वायूतून जाणारा विद्युतभारित कण त्या वायूतल्या प्रकाशाच्याही पुढे धावला, की शंकूच्या आकारात प्रकाश फेकतो. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. याच्यासाठी 1958चं नोबेल मिळालं. अंतर्वक्र आरसा त्या प्रकाशाची कडी करून बाजूच्या संवेदकांवर पाडतो. कडीच्या त्रिज्येवरून वेग कळतो, चुंबकात कण किती वळला त्यावरून संवेग. दोन्ही जुळवले की वस्तुमान कळतं, आणि तो पायॉन की केऑन (हे कणांचे दोन प्रकार) ते ठरतं.

प्रकाश वळतो, कण मात्र आरशातून आरपार जातो. पुढे त्याचा माग काढायचा असतो, आणि जाड काचेत तो अणुकेंद्रांना चाटत दिशा बदलतो. पदार्थ कणाला किती अडथळा करतो हे 'रेडिएशन लेंग्थ' या मापात सांगतात. 6 मिलिमीटर काच म्हणजे जवळपास पाच टक्के रेडिएशन लेंग्थ. कार्बन फायबरचा आरसा दीड टक्क्याच्या आसपास. प्रयोगात कडी टिपणारे असे दोन डिटेक्टर आहेत. म्हणून पहिल्यात कार्बनचे गोलीय आरसे. दुसऱ्यापर्यंत कण पोचतो तो माग काढणारी यंत्रणा ओलांडूनच, म्हणून तिथे काच खपून जाते. बेरिलियम हा हलका धातूही चालला असता, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली की संपलं. आपल्या शेडमध्ये तर मी ते दारातही येऊ देणार नाही.

खरी गंमत साच्यात आहे. काचेचा फुगीर साचा घासून चकाचक करायचा आणि त्यावर रेझिन (तापवल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) लावलेले कार्बन धाग्यांचे थर चढवायचे. थरांच्या दिशा मधल्या पातळीपासून वर-खाली सारख्या, नाहीतर ओव्हनमधून निघताना तुकडा पिळवटतो. रेझिन आकसलं की धाग्यांची वीण पृष्ठभागावर उमटते. आमच्या शेडमधली कार्बन फायबरची पॅनेलं ट्यूबलाइटखाली तिरकी धरलीस तर तुलाही ती दिसेल. पॅनेलला रंग मारला की झालं. आरशात तीच वीण प्रकाश विखुरते. म्हणून वर नुसत्या रेझिनचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियम, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइड. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढलं तर अतिनील प्रकाश कमी परततो, आणि या कामात तोच तर हवा असतो.

तळहाताएवढा एक आरसा करून बघायचा विचार आहे. तुझ्या कॉलेजात मोठी बहिर्वक्र भिंगं भंगारात निघाली असतील तर एक बाजूला काढून ठेव, साच्याला चालेल. ओरखडा नको, एवढं बघ. आणि ऑप्टिकल बेंच चालू आहे ना? नाभीय अंतर वक्रतात्रिज्येच्या निम्मं येतं का, ते तिथेच मोजू.

तुझा,
बाळ्या