आनंदी राहायची सक्ती नको

बर्मिंगहॅम,
११ जुलै २०२१

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर धाकटी शेजारीच असते, त्यामुळे अर्धं बोलणं राहून जातं. म्हणून लिहूनच पाठवते. दोघांनी वाचा आणि जावईबापूंनाही पाठवा. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. तिने वाचलं तर बरंच.

तिला गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा लागलाय, सांगली-कोल्हापूरचे कोविडचे आकडे अजून उतरत नाहीत, नवरा पुण्यात आणि ती माहेरी. अशा वेळी भीती वाटणं हा आजार नव्हे. पण भीतीचा आजार होऊ लागला, तर ते डॉक्टरांच्या आधी घरच्यांना दिसतं. आणि हे दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर सुमारे १९.८ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. हे आकडे साथीच्या आधीचे आहेत.

सगळ्यात आधी एक करा. ‘आनंदी राहा, तू रडलीस तर बाळावर परिणाम होईल’ हे घरात कुणीही म्हणू नये. मावशी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, गर्भसंस्काराच्या व्हिडिओतही तेच. हेतू चांगलाच असतो, पण ऐकणारीला मूळ भीती असतेच, त्यात आपल्याला भीती वाटली म्हणून बाळाचं वाईट होणार ही टोचणी वाढते. मग ती बाथरूममध्ये रडून घेते, तोंड धुऊन हसत बाहेर येते आणि आपल्याला वाटतं, बरं चाललंय. खरं असं आहे की एखाद्या दिवशी रडण्याने, घाबरण्याने, चिडण्याने बाळाला काही होत नाही. तीव्र नैराश्य किंवा चिंता आठवडेच्या आठवडे उपचाराविना राहिली, तर बाळ वेळेआधी येण्याची किंवा वजनाने कमी भरण्याची शक्यता थोडी वाढते. त्यावर उपाय उपचारांचा, हसऱ्या चेहऱ्याचा नाही. श्लोक, गाणी तिला आवडत असतील तर खुशाल ऐकू दे. गृहपाठ म्हणून नकोत.

दुसरी खोड म्हणजे ‘तिला सांगू नका’. एप्रिल-मे महिन्यांत ओळखीतली माणसं गेली, तेव्हा घरोघरी फोन अंगणात नेऊन घेतले गेले. गरोदर बाईला ते कळतंच. ग्रुपवर श्रद्धांजलीचे फोटो तीही बघते. न सांगण्याचा तोटा असा की पुढे तुम्ही ‘डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे’ असं खरंखुरं सांगितलंत तरी तिचा विश्वास बसत नाही. म्हणून वाईट बातमी आली तर एकाच माणसाने सांगायची. आई, ते तू कर. दिवसाउजेडी सांग, रात्रीच्या जेवणानंतर नको. कोण गेलं, कधी गेलं, एवढंच. व्हेंटिलेटरचं वर्णन नको. मग तिच्याजवळ बस, रडली तर रडू दे. बातम्या दिवसातून एकदा, वीसेक मिनिटं, तेही संध्याकाळच्या आत. आणि बाबा, काढ्याचे आणि ऑक्सिजनचे फॉरवर्ड तुमच्याकडूनच येतात, असं कळलं!

आता दम लागण्याचं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो, पुढे गर्भाशय छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलतं, त्यामुळे जिना चढताना धाप लागणं नेहमीचंच. यंदा मात्र प्रत्येक धाप कोविडची वाटते, छाती धडधडते आणि धाप आणखी वाढते. ऑक्सिमीटर घरात आहे, पण तिची तब्येत बरी असताना तो कपाटात ठेवा. दिवसातून दहादा लावला की एखादा आकडा चुकीचा येतो आणि घर हादरतं. लावायचाच तर पाच मिनिटं शांत बसून, हात कोमट असताना, नखाला नेलपॉलिश किंवा बोटाला मेंदी नसताना, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर ठेवायचा. ९५ किंवा वर असेल, ताप-खोकला नसेल, पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल, तर बहुधा साधी धाप. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, किंवा नीट लावूनही ९५ च्या खाली आलं तर लगेच डॉक्टरांना फोन. कोविडची शंका असताना मात्र डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासायचंच.

निव्वळ भीतीचा झटका आला तर तो दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात बहुतेक ओसरतो. त्या वेळी ‘शांत हो’ म्हणून उपयोग नसतो. शेजारी बसून तिच्यासोबत श्वास घ्या: नाकाने चार अंक मोजत आत, तोंडाने सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास रोखून धरायचा नाही. प्राणायामातलं कुंभक सध्या नको, कपालभाती तर नकोच.

झोपेचं ऐकून जास्त काळजी वाटली. लघवी, छातीतली जळजळ, पायाला गोळे, यांनी झोप मोडणारच. मोडल्यावर परत लागत नाही, ते मात्र विचारांमुळे. त्यासाठी संध्याकाळी पाच-साडेपाचला पंधरा मिनिटं काळजीसाठी राखून ठेवायची. वहीत दोन रकाने: ‘यावर आज काही करता येतं’ आणि ‘यावर आज काहीच करता येत नाही’. पहिल्या रकान्यातल्या गोष्टीपुढे कोण करणार ते नाव लिहायचं आणि शक्यतो ते नाव तिचं नको. रात्री तोच विचार आला तर ‘वहीत आहे, उद्या पाचला’. पहिले तीन-चार दिवस हे तिला पोरकट वाटेल, तरी सोडू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसावं, मोबाइल न घेता. उठण्याची वेळ रोज एकच. आणि २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपायचं. मध्येच पाठीवर आलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही, परत कूस वळायची.

भाज्या साबणाने किंवा सॅनिटायझरने धुणं बंद करा, वाहत्या साध्या पाण्याने पुरे. हात वीस सेकंद. ती रोज तासाच्या वर धुण्या-पुसण्यात घालवत असेल, हात सोलवटले असतील आणि ‘पुरे’ म्हणूनही थांबता येत नसेल, तर त्याला स्वच्छता म्हणू नका. तो चिंतेचा आजार असतो आणि औषध-समुपदेशनाने बरा होतो.

आता ओळखायचं कसं. इथे इंग्लंडमध्ये पहिल्या भेटीतच मिडवाइफने दोन प्रश्न विचारावेत अशी पद्धत आहे: गेल्या महिन्याभरात वारंवार उदास, निराश वाटलं का? कशातच रस उरला नाही, मजा वाटत नाही, असं झालं का? चिंतेसाठी आणखी दोन, गेल्या दोन आठवड्यांबद्दल: सतत अस्वस्थ, ताणलेलं वाटतं का? काळजी थांबवायची म्हटली तरी थांबत नाही का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की पुढे तपासायचं. ‘एडिनबरा’ नावाची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून वापरात आहे. गेल्या सात दिवसांवर प्रश्न, एकूण ३० गुण, १३ किंवा वर आले तर बहुधा नैराश्य. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. आई, तू हे प्रश्न सगळ्यांसमोर जेवणाच्या ताटावर विचारू नकोस. भाजी निवडताना, केसांना तेल लावताना विचार. उत्तर आलं की लगेच तोडगा देऊ नकोस, ‘कधीपासून?’ एवढंच.

मनावर ढकलण्याआधी रक्तही बघा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली, थायरॉइड कमी किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस असाच थकलेला, रडका, विसरभोळा होतो. सीबीसी (हिमोग्लोबिन त्यात कळतं), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ (ती शाकाहारी आहे, म्हणून मुद्दाम) करून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

पूर्वीच्या कुठल्या मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती ‘बाळासाठी’ म्हणून कुणीही परस्पर बंद करायची नाहीत. अचानक सोडल्याने आजार उलटतो. सर्ट्रालीनसारखी काही औषधं गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही वापरली जातात. व्हॅल्प्रोएटसारखी टाळावी लागतात. हे मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील, केमिस्ट नाही.

बाबा, एक काम खास तुमचं. कित्येक गरोदर बायकांची या साथीतली मोठी भीती नुसती आजाराची नसते, ‘ऐन वेळी मी एकटी पडेन’ हीही असते. इथेही १६ मार्च २०२० ला गरोदर बायकांना विशेष काळजीच्या गटात टाकलं आणि मग कित्येकींना सोनोग्राफीला एकटीने जावं लागलं. नवरे बाहेर गाडीत. ही भीती बोलून जात नाही, कागदावर उत्तर दिसलं की जाते. तुम्ही दवाखान्यात फोन करून हे विचारा आणि एका पानावर लिहा: सोबत कुणाला राहू देतात, प्रसूतीच्या खोलीतही का? सोबतीची चाचणी लागते का, किती तासांच्या आतली? तिची चाचणी पॉझिटिव्ह आली तर इथेच करणार की दुसरीकडे पाठवणार, कुठे? रात्री कोणता नंबर उचलला जातो? बाळाला अतिदक्षता लागली तर सोय कुठे? चाचणीचा रिपोर्ट नाही म्हणून प्रसूती अडवू नये, असं आयसीएमआरचं (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं) स्पष्ट म्हणणं आहे, तेही लिहून ठेवा. त्याखाली दुसरा दवाखाना, गाडी कुणाची, ती नसेल तर कुणाची, १०८ चा नंबर, तिचा रक्तगट, आणि सोबत जाणारा आजारी पडला तर त्याच्या जागी कोण. हे पान फ्रिजवर लावा, फोटो तिच्या मोबाइलमध्ये.

जावईबापूंनी ३६ व्या आठवड्याला येऊन राहावं, ऐन वेळी नको. म्हणजे सर्दी-ताप निघालाच तर वेगळं राहून बरं व्हायला वेळ मिळेल. तोवर तपासणीच्या दिवशी त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, डॉक्टरांना आधी विचारून. डोहाळजेवण झालं नाही याचं तिला वाईट वाटतंय, आणि ‘जीव महत्त्वाचा, ओटी काय’ असं म्हणून ते झटकू नका. गच्चीवर, घरच्याच चार जणींनी, मास्क लावून ओटी भरा. पहिल्यांदा होणारं सुख हुकलं तर त्याचं दुःख होणारच.

लस: २ जुलैला गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली आहे. इथे एप्रिलपासून देतात. तिच्या डॉक्टरांशी बोला आणि ती तयार असेल तर उशीर करू नका, कारण शेवटच्या तीन महिन्यांत कोविड झाला तर तो जास्त जड जातो. कोव्हिशील्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी. ताप आला तर पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम नको. त्यात आयब्युप्रोफेन असतं.

बाळाच्या हालचाली मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून कधीच सोडायच्या नाहीत. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी. शंका असेल तर डाव्या कुशीवर पडून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली नाहीत तर निघायचं. कोविडच्या भीतीने दवाखाना टाळणं हीच या साथीत सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती विनाकारण रडेल. दोन आठवड्यांत ते आपसूक जायला हवं. नाही गेलं तर डॉक्टर. रात्रीचे निदान चार-पाच तास तिला झोपू दे, बाळ दुसऱ्याने सांभाळायचं आणि पाजायलाच तेवढं आणायचं. बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नाही ही खूण लक्षात ठेव. तिची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजता येतं. बाळाला तिच्यापासून दूर ठेवू नका. मालीशवाली एकच, लस घेतलेली, मास्कसह. बघायला येणारे सव्वा महिना व्हिडिओवर.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ती झोपेविना बडबडू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, कुणी बाळ पळवेल असं ठामपणे म्हणू लागली, तर तो हजारात एक-दोघींना होणारा गंभीर आजार असतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. देवऋषी, उतारा काही नको. दुसरी, ‘मी नसते तर बरं’ असं बोलली तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, गोळ्या आणि गोठ्यातली फवारणीची औषधं कुलपात टाका, आणि डॉक्टर. सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

दवाखान्याची उत्तरं आणि टीएसएचचा रिपोर्ट आला की दोन्हींचे फोटो पाठवा. रविवारी तुमच्याकडच्या सकाळी दहाला फोन करते, तिच्याशी वेगळी बोलेन.

तुमची,
मोठी